मूठभर माणसांची मंडळी

आजचं वाचन : जखऱ्या ४:६-१०



बंदिवासातून परतलेले लोक जरुब्बाबेलाच्या देखरेखीखाली मंदिर पुन्हा बांधत होते. काम किरकोळ दिसत होतं, पुष्कळांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण देवाने त्या लहान आरंभाला तुच्छ मानलं नाही. हा भाग वाचला की मला विल्यम कॅरी आठवतात.

कॅरी म्हटलं की आपल्याला सेरामपूरचा छापखाना आणि अनेक भाषांतली पवित्र शास्त्रं आठवतात. मला मात्र त्याआधीची वर्षं जास्त शिकवतात.

१७६१ साली इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील विणकर, पुढे शाळामास्तर झाले. विल्यम जोडे शिवायला शिकले. १७८३ मध्ये नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांनी ओल्नी या लहान गावातल्या मंडळीने त्यांचा उपदेश ऐकला, पण लगेच मान्यता दिली नाही. अजून काही काळ आमच्यासमोर बोला, मग पाहू, असं ठरलं. वर्षभराने, १७८६ मध्ये, त्याच मंडळीने त्यांना सेवेसाठी पाठवलं. घाई न करता माणूस पारखणं आणि मग त्याच्या पाठीशी उभं राहणं, हे माणसं एकमेकांना ओळखतात तिथेच जमतं.

मोल्टन गावची मंडळी तर इतकी गरीब की पाळकाचं घर चालेल एवढा पगारही देऊ शकत नव्हती. कॅरी शाळा चालवायचे, जोडे शिवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. भिंतीवर त्यांनी स्वतः केलेला जगाचा नकाशा होता.

१७८९ मध्ये ते लेस्टरच्या हार्वी लेन मंडळीत गेले. तिथे भांडणं इतकी होती की सभासदत्वच रद्द करून मंडळी नव्याने उभारावी लागली. म्हणजे लहान मंडळी आपोआप पवित्र असते असं मुळीच नाही. पण तिथे भांडण लपून राहत नाही, त्यामुळे ते मिटवावंच लागतं.

२ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगमध्ये एका विधवा बाईंच्या घरी मूठभर लोक जमले, बहुतेक अशाच मंडळ्यांचे पाळक. त्यांनी मिशनसाठी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स देण्याचं कबूल केलं. पुढे हार्वी लेनच्या लोकांनी मन घट्ट करून आपला पाळक भारतात जाऊ दिला. मला वाटतं, सगळ्यात मोठी वर्गणी त्यांचीच.

१७९३ मध्ये कॅरी बंगालला पोहोचले. मुलगा वारला, पत्नीचं मन ढळलं आणि सात वर्षं एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. २८ डिसेंबर १८०० ला कृष्ण पाल नावाच्या सुताराचा झाला. पुन्हा मंडळी लहानच!

त्याच माणसाने पुढे वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश छापला. १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. आज आपण वाचतो ते भाषांतर वेगळं आहे, पण वाट तिथून सुरू झाली.

आमची मराठी मंडळी अठ्ठावीस जणांची आहे. ती बंद करून मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये विलीन व्हावं का, हा विषय पुढच्या महिन्यात पंचांच्या बैठकीत आहे. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात पहिला प्रश्न असतो, हे स्केल होईल का? मंडळीला मी तो प्रश्न पहिला विचारणार नाही. आपण कोणाला पारखतोय, कोणाला घडवतोय, कोणाला पाठवायची तयारी आहे, हे विचारेन. आमच्याकडे एखादा आला नाही तर पहिलं गीत संपेपर्यंत सगळ्यांना कळतं आणि दुपारी कोणीतरी त्याच्या घरी जातं. एवढं चालू आहे तोवर दार बंद करू नये, असं मी बैठकीत सांगणार आहे.

प्रार्थना : हे प्रभू, आमची संख्या पाहून आम्हाला खचू देऊ नकोस. आम्ही जे थोडे आहोत, त्यांना एकमेकांशी विश्वासू ठेव, आणि तू मागशील त्याला पाठवायचं धैर्य दे. येशूच्या नावात, आमेन.