सूर्यावरचा स्फोट टिपणारे रिचर्ड कॅरिंग्टन आणि तुमच्या मोबाईलचं जीपीएस

मॅपवरचा निळा ठिपका कधी कधी भलत्याच गल्लीत दिसतो. बहुतेक वेळा दोष उंच इमारतींचा असतो, पण क्वचित थेट सूर्याचाही असतो. सूर्यावरचा एक स्फोट आणि पृथ्वीवरचं चुंबकीय वादळ यांची सांगड ज्यांनी पहिल्यांदा सुचवली, ते होते तारायंत्राच्या काळातले रिचर्ड कॅरिंग्टन.

ब्रुअरीवाल्याचा मुलगा

जन्म २६ मे १८२६, लंडन. वडिलांची बिअरची ब्रुअरी होती. मुलाने पाद्री व्हावं अशी घरची इच्छा होती, पण केंब्रिजमध्ये त्याला खगोलशास्त्राची गोडी लागली. डरहॅम विद्यापीठात काही वर्षं नोकरी करून कॅरिंग्टननी रेडहिल गावात स्वतःची वेधशाळा बांधली. रात्री ताऱ्यांची मोजणी आणि दिवसा सूर्यावरच्या डागांची चित्रं, असं काम सुरू झालं. ३,७३५ ताऱ्यांच्या यादीसाठी त्यांना रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. सूर्याचा मधला पट्टा ध्रुवांकडच्या भागापेक्षा लवकर फिरतो, हेही त्यांनी डागांवरून दाखवलं.

ती पाच मिनिटं

१ सप्टेंबर १८५९, सकाळचे ११ वाजून १८ मिनिटं. दुर्बिणीतून पडद्यावर पडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवरून ते डाग रेखाटत होते. अचानक दोन झगझगीत पांढरे ठिपके उमटले. साक्षीदार हवा म्हणून ते धावत कुणाला तरी बोलवायला गेले. मिनिटभरात परत आले, तोवर तेज ओसरू लागलं होतं. पाचेक मिनिटांत सगळं संपलं. सुदैवाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिलं होतं.

सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. क्युबापर्यंत ऑरोरा दिसला. अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंड ही तारेची लाईन बॅटरी काढून टाकल्यावरही चालली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदींत चुंबकीय क्षेत्र तब्बल १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेलं दिसतं.

आणखी एक गंमत म्हणजे, स्फोट दिसला त्याच वेळी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या यंत्रानेही छोटा झटका नोंदवला होता. कॅरिंग्टननी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, पण एका घटनेवरून निष्कर्ष काढायची घाई केली नाही. १८९२ मध्येही लॉर्ड केल्विनसारखा मोठा शास्त्रज्ञ असं नातं नाकारत होता.

मग जीपीएसचं काय?

क्यूचा तो झटका आयनांबरातून आला होता. आपल्या डोक्यावर साधारण ८० ते १,००० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा हा थर आहे. स्फोटातले क्ष-किरण आठ मिनिटांत पोचून त्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन मोकळे करतात, आणि त्यामुळे तिथले विद्युतप्रवाह बदलतात. हा थर असल्याचं प्रयोगाने दाखवायला मात्र १९२४ साल उजाडलं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत. सिग्नल पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन अंतर काढतो. वाटेत आयनांबर सिग्नलला थोडा उशीर करतं. दहा नॅनोसेकंदांचा उशीर म्हणजे तीन मीटरची चूक! एरवी फोन ठरलेल्या गणिताने ही चूक बरीचशी दुरुस्त करतो. वादळात मात्र इलेक्ट्रॉनची संख्या झपाट्याने बदलते आणि ते गणित चुकतं. कधी सिग्नल लुकलुकतो आणि तुटतोही. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले होते.

यावर एक उपाय आहे. एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी पकडणारा फोन असेल, तर दोन्हींच्या उशिरातला फरक मोजून बरीच चूक काढता येते. नवा फोन घेताना माहितीत ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ आहे का ते बघा.

शेवटची वर्षं

१८५८ मध्ये वडील गेले आणि ब्रुअरीचा भार कॅरिंग्टनवर पडला. १८६१ मध्ये रोजची निरीक्षणं थांबली. केंब्रिज वेधशाळेचं हवं असलेलं पदही हुकलं. नोव्हेंबर १८७५ मध्ये पत्नी रोझा वारली, आणि काही दिवसांतच, वयाच्या ४९ व्या वर्षी, तेही गेले.

त्या वादळाला आज ‘कॅरिंग्टन इव्हेंट’ म्हणतात. ते पृथ्वीवर आदळलं २ सप्टेंबरला. योगायोग असा की, सूर्यावर सतत नजर ठेवणारं भारताचं आदित्य-एल१ यानही २ सप्टेंबरलाच, २०२३ मध्ये, उडालं.