हेटीची शिडं आणि स्लोकमची बोट

गोव्याहून 'तारिणी' ही शिडाची बोट घेऊन नौदलाच्या सहा जणी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. तेव्हापासून मला कुतूहल होतं, भर समुद्रात अशा बोटीवर नेमकं काय लागतं? मी संसार आणि बचत गट सांभाळणारी बाई, समुद्र पाहिलेला तो सहलीत. पण वाचता वाचता मला जोशुआ स्लोकम भेटला. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस!

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात १८४४ मध्ये त्याचा जन्म. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. लहान वयातच घर सोडून तो दर्यावर गेला आणि कप्तान झाला. १८७१ मध्ये सिडनीत व्हर्जिनियाशी लग्न झालं. तिनं संसार जहाजावरच थाटला. सात मुलं झाली, त्यातली चार जगली. खलाशांनी बंड केलं तेव्हा ती पिस्तूल घेऊन नवऱ्यामागे उभी राहिली म्हणतात. १८८४ मध्ये ब्वेनोस आयरिसला जहाजावरच ती गेली.

दोन वर्षांनी स्लोकमनं हेटीशी लग्न केलं. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचं जहाज फुटलं, तेव्हा नवरा-बायको आणि दोन मुलं तिथंच अडकली. मग त्यानं हाती लागेल त्या लाकडातून पस्तीस फुटी बोट बांधली आणि तिची शिडं शिवली हेटीनं! ती मुळात शिवणकाम करणारी. तिच्या टाक्यांच्या भरवशावर ते कुटुंब १८८८ मध्ये अमेरिकेला पोचलं. त्यानंतर मात्र हेटीनं समुद्राला हात जोडले.

वाफेच्या जहाजांनी शिडाच्या कप्तानांचं काम हिरावलं होतं. १८९२ मध्ये एका ओळखीच्यानं स्लोकमला 'स्प्रे' नावाची कुजकी बोट फुकट दिली. तेरा महिने खपून त्यानं ती नव्यानं बांधली. खर्च साडेपाचशे डॉलरच्या आसपास. २४ एप्रिल १८९५ ला तो बॉस्टनहून निघाला. वय एकावन्न, आणि गंमत म्हणजे पोहता येत नव्हतं!

त्याचं सामान तर बघा. समुद्रात आपण कुठं आहोत हे काढायला अचूक घड्याळ लागतं. त्याच्या घड्याळाच्या दुरुस्तीला पंधरा डॉलर पडणार, म्हणून त्यानं काच फुटलेलं पत्र्याचं घड्याळ एका डॉलरला घेतलं. चंद्र-सूर्यातलं अंतर मोजून तो हिशेब पडताळायचा. आज सुकाणू आपोआप धरणारी यंत्रं असतात. स्लोकम शिडं अशी ताणायचा, की वारा त्यांच्यावर सारखा पडे. मग सुकाणू दोरीनं बांधून खाली स्वयंपाक करायचा, वाचायचा, झोपायचा. हिंदी महासागरात २,७०० मैलांचा टप्पा त्यानं तेवीस दिवसांत कापला, त्यात सुकाणूवर बसला जेमतेम तीन तास!

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वादळानं मोठं शीड फाटलं. स्लोकमनं सुई-दोरा घेऊन तिथंच ठिगळं लावली. पुढं रात्री हल्ला होईल म्हणून डेकवर गालिच्याचे टोकदार खिळे पसरून तो झोपला. अनवाणी चढलेले लोक ओरडत पळाले! २७ जून १८९८ ला सुमारे ४६,००० मैल फिरून तो न्यूपोर्टला परतला. १९०० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि नाव झालं.

हेटी इतका काळ मुलांसह किनाऱ्यावर होती. पुढं त्यानं मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतलं, पण पाय जमिनीवर ठरेनात. साठी उलटल्यावर तो पुन्हा त्याच, आता जुन्या झालेल्या 'स्प्रे'वर एकटा निघाला आणि परतलाच नाही. १९२४ मध्ये कायद्यानं त्याला मृत ठरवलं. इतकी वर्षं हेटी ना धड सवाष्ण, ना विधवा.

मैत्रिणींनो, त्याच्या बोटीची बांधणी, हिशेब आणि टाके पक्के होते, म्हणून तो तरला. पण जुनी बोट आणि एकटा म्हातारा, हे समुद्राला पुरेसं नव्हतं. दर सोमवारी आमच्या गटात गोधड्यांवर टाके पडतात. या सोमवारी मी तिथं हेटीची गोष्ट सांगणार आहे.