खेड्याच्या दुधाला दर मिळवून देणारे त्रिभुवनदास पटेल

परदेशी पावडर देशात येणार अशी बातमी आली की डेअरीला दूध घालणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आज दूध पावडरवर 60 टक्के आयात शुल्क आहे म्हणून निभावतंय. पण शुल्क नव्हे, तर आपल्या मालकीचा कारखाना हवा, हे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. अमूल म्हटलं की सगळ्यांना कुरियन आठवतात. त्रिभुवनदासांचं नाव मागे पडलं, आणि ते बरोबर झालं नाही.

जन्म 1903 चा, आणंदचा. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला गडी. खेडा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. 1945 मध्ये सरकारने मुंबईला दूध पुरवायचा मक्ता पोल्सन कंपनीला दिला. कंपनी म्हणेल तो दर, दलाल ठरवेल ते माप. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी स्वतःची सोसायटी काढायचा सल्ला दिला आणि मोरारजी देसाईंना पाठवलं. जानेवारी 1946 मध्ये समरखा गावात सभा झाली, ठराव झाला आणि दूध बंद! पंधरा दिवस खेड्याचं दूध मुंबईला गेलं नाही. शेवटी सरकार नमलं. 14 डिसेंबर 1946 ला संघाची नोंदणी झाली, अध्यक्ष त्रिभुवनदास. गावोगाव पायपीट करून त्यांनी सोसायट्या उभ्या केल्या. 1948 मध्ये संकलन सुरू झालं तेव्हा दिवसाला जेमतेम 250 लिटर दूध यायचं.

खरी अडचण पुढे आली. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात, पण मुंबईची दूध योजना ते सगळं उचलायला तयार नव्हती. गंमत बघा, त्याच मुंबईत टोन्ड दुधासाठी बाहेरून आणलेली पावडर वापरली जायची! इकडचं दूध पडून, तिकडची पावडर चालू. म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगायचे. 1949 मध्ये आणंदला आलेले कुरियन परत निघाले होते. त्यांना त्रिभुवनदासांनीच थांबवून घेतलं. कुरियनांचे सहकारी दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली. युनिसेफच्या मदतीने कारखाना झाला आणि 31 ऑक्टोबर 1955 ला नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. देशी लोणी-पावडर बाजारात आली, त्यात परकीय चलनाची टंचाई. त्यामुळे केंद्राला आयातीला कात्री लावता आली. घरचा माल नसता तर कुठल्या तोंडावर लावली असती?

1963 मध्ये कुरियन आणि दारा खुरोडी यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अध्यक्षपद मात्र त्यांनी धरून ठेवलं नाही, सत्तरच्या दशकात आपण होऊन सोडलं. तेव्हा दूध घालणाऱ्या बायाबापड्यांनी माणशी एक रुपया काढून सुमारे सहा लाखांची थैली त्यांना दिली. ती त्यांनी घरी नेली नाही. त्या पैशातून खेड्यापाड्यांतल्या आया आणि लेकरांच्या आरोग्यासाठी त्रिभुवनदास फाउंडेशन सुरू झालं. जून 1994 मध्ये ते गेले.