कातीव लाकडाचे रंग आणि शिवरामराजे

संखेड्याचा झोपाळा ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हलतो आहे, त्यांना लाखेच्या रंगाचे कौतुक नव्याने सांगावयास नको. सावंतवाडीचे लाखकाम मात्र एके काळी संपण्याच्या बेतात होते. ते सावरले कै. श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी.

राजांचा जन्म १९२७ सालचा. वडील, बापूसाहेब महाराज, १९३७ मध्ये निवर्तले व दहाव्या वर्षी गादी आली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे ते आमदारही होते. पण १९७० नंतर ते वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आम्हा गाणाऱ्यांत याला गंडा बांधणे म्हणतात. कारागिराचा गंडा बांधणारा राजा विरळाच!

ते शिकले गंजिफांचे चित्रण. दशावतारी गंजिफांची पाने १२०, गट दहा. गटागटाची जमीन निराळी, म्हणजे खेळणाऱ्यास पान रंगावरूनच ओळखावे. तेथे रंग शोभेपूर्वी ओळखीसाठी निवडतात.

कातीव वस्तूचे गणित वेगळे. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकली की घर्षणाने ती वितळते, मग केवड्याच्या पानाने ती सारखी करावयाची. कोणता पट्टा कोणाशेजारी, हे खराद फिरण्याआधी ठरलेले बरे. लाख पारदर्शक असेल तर तळचाही विचार हवा. कथलाच्या रुपेरी नक्षीवर ती चढली की सोनेरी दिसते.

राजवाड्याच्या दरबारातच चितारी कामास बसू लागले. राजे १९९५ मध्ये गेले. राणीसाहेबांनी २०१८ पर्यंत ते काम सांभाळले.