सॅक्स्टन पोप
सॅक्स्टन टेंपल पोप (४ सप्टेंबर, १८७५ - ८ ऑगस्ट, १९२६) हे अमेरिकन शल्यचिकित्सक, धनुर्धर व लेखक होते. अमेरिकेतील आधुनिक धनुष्यबाण-शिकारीच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. याही जमातीतील अखेरचा ज्ञात पुरुष इशी याच्याकडून ते ही विद्या शिकले.

== जीवन ==
पोप यांचा जन्म टेक्सासमधील फोर्ट स्टॉक्टन येथे झाला. त्यांचे वडील सैन्यात डॉक्टर होते. १८९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्यांनी वॉटसनव्हिल येथे व्यवसाय केला. १९१२ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को येथे विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत शल्यचिकित्सा शिकवू लागले.

== इशीशी मैत्री ==
ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिलजवळ सापडलेला इशी विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात राहत असे. संग्रहालय रुग्णालयाला लागूनच होते. पोप त्याचे डॉक्टर झाले आणि लवकरच शिष्यही. धनुष्य घडवणे, काचेसारख्या ऑब्सिडियन दगडाचे टोक तासून ते तातीने दांडीला बांधणे आणि शिकारीजवळ निःशब्दपणे पोहोचणे हे सारे त्यांनी इशीकडून शिकून घेतले. मे १९१४ मध्ये इशीच्या मूळ प्रदेशातील डियर क्रीकच्या प्रवासात मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर व टी. टी. वॉटरमन यांच्यासह पोपही होते.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयरोगाने मरण पावला. आपल्या अनुपस्थितीत त्याची शवचिकित्सा होऊ नये, असे क्रोबर यांनी पत्राने कळवले होते. परंतु ते पत्र पोहोचण्यापूर्वी ती झाली आणि त्याचा मेंदू काढून ठेवण्यात आला. पुढे तो स्मिथसोनियन संस्थेकडे गेला व २००० साली इशीच्या आप्तजमातींना परत करण्यात आला. पोप यांनी इशीची विद्या आस्थेने जपली. त्याच्या देहाच्या बाबतीत मात्र तत्कालीन वैद्यकीय रूढीच प्रबळ ठरली. या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात शेजारी शेजारी येतात.

== बाणांचा अभ्यास ==
१९१८ मध्ये पोप यांनी याही धनुर्विद्येवर प्रबंध प्रसिद्ध केला. १९२३ मधील एका अभ्यासात त्यांनी निरनिराळ्या देशांतील धनुष्ये व बाण प्रत्यक्ष चालवून त्यांची तुलना केली. त्यात कातडे व मांस यांच्या लक्ष्यात ऑब्सिडियनचे टोक पोलादी टोकापेक्षा अधिक खोल गेल्याचे आढळले. स्वतःच्या शिकारीसाठी ते बर्च लाकडाच्या दांड्या, टर्कीची पिसे आणि रुंद पोलादी पाती वापरत. ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ (१९२३) या ग्रंथात दांडी सरळ करण्यापासून टोक बसवण्यापर्यंतची कृती सविस्तर दिली आहे.

ब्रॉडहेड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुंद पात्यांत अचूक जुळणीला विशेष महत्त्व असते. पात्याचा अक्ष दांडीच्या अक्षाशी किंचितही तिरका झाला, तर वेगाने जाणाऱ्या बाणाच्या अग्रभागी ते पाते लहान पंखासारखे काम करते. मागची पिसे बाण सरळ ठेवू पाहतात आणि पुढचे पाते त्याला बाजूला वळवते. परिणामी नेम चुकतो किंवा प्राणी केवळ जखमी होतो. म्हणून बाण टोकावर किंवा दोन आधारांवर फिरवून पाहतात. टोक न डगमगता एकाच जागी फिरले, तर जुळणी योग्य समजतात.

== शिकार मोहिमा ==
१९२० मध्ये पोप आणि आर्थर यंग यांनी विशेष परवानगीने यलोस्टोन येथे ग्रिझली अस्वलांची शिकार करून ते नमुने कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या संग्रहालयाला दिले. १९२५ मध्ये यंग व लेखक स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट यांच्यासह ते सिंहांच्या शिकारीसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. व्हाइट संरक्षणासाठी बंदूक बाळगत आणि तिचा उपयोगही करावा लागला. या प्रवासावरील ‘द ॲडव्हेंचरस बोमेन’ हे पुस्तक १९२६ मध्ये निघाले. त्याच वर्षी पोप यांचे न्यूमोनियाने निधन झाले.

== वारसा ==
१९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब या दोघांच्या नावाने ओळखला जातो. आज लाकडाच्या जागी कार्बनच्या पोकळ दांड्या आल्या असून टोक आतील धातूच्या आटेदार तुकड्यात फिरवून बसवतात. दांडीचे तोंड काटकोनात घासलेले नसेल किंवा तो तुकडा तिरका बसला असेल, तर कार्बनच्या बाणातही तोच दोष उद्भवतो. म्हणून बाण फिरवून पाहण्याची परीक्षा आजही केली जाते.