विजय मर्चंट यांची दुसरी इनिंग

तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात क्रिकेटवेड्या पोराला एक प्रश्न विचारून बघा. विजय मर्चंट कोण? तो लगेच सांगेल, अंडर-16 ची ट्रॉफी. बरोबर आहे. बीसीसीआयची सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा याच नावाने होते. पण ट्रॉफीला ज्याचं नाव दिलंय तो माणूस कोण, असं विचारलं की गाडी अडते. आणि बॅट खाली ठेवल्यावर त्या माणसाने काय केलं, हे तर रेकॉर्ड पाठ असणाऱ्यांनाही माहीत नसतं. आज आपल्याला तिथंच जायचंय.

कारण ती गोष्ट नोकरीची आहे. हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, फायनल इयरला आल्यावर तुम्हाआम्हाला जी धाकधूक असते ना, त्याच नोकरीची. फरक इतकाच की तुमच्या वर्गात कॅलिपर घालून येणारा मित्र असेल, मोबाइलवर धडे ऐकून अभ्यास करणारी अंध मैत्रीण असेल, तर त्यांची धाकधूक तुमच्यापेक्षा दुप्पट असते. माझ्या ओळखीतला एक जण बी.कॉम. झालेला, टॅली हाताखालून गेलेलं. पोलिओने एक पाय अधू. मुलाखतीला गेला तर हिशोबाचा एकही प्रश्न आला नाही. जिना कसा चढणार, एवढंच विचारलं. तो जिना चढूनच मुलाखतीला आला होता.

असो. मर्चंटांकडे वळू.

त्यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1911 चा, मुंबईतला. खरं आडनाव मर्चंट नव्हतंच. ते ठाकरसी. एसएनडीटी विद्यापीठाच्या नावातले ठाकरसी तेच. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने 15 लाखांची देणगी दिली, ती 1920 सालची गोष्ट. कापडगिरण्यांचं मोठं घराणं. मग मर्चंट कुठून आलं? असं सांगतात की शाळेत नाव विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला विजय, आणि वडील काय करतात विचारलं तेव्हा म्हणाला मर्चंट, म्हणजे व्यापारी. मास्तरांनी दोन्ही जोडून रजिस्टरला लिहून टाकलं. आपल्याकडे दाखल्यावर चुकीची जन्मतारीख लागते, तसं यांना चुकीचं आडनाव लागलं आणि ते जगप्रसिद्ध झालं.

क्रिकेटचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पान त्यातच संपेल. प्रथम श्रेणीत 13,470 धावा, सरासरी 71.64. भरपूर सामने खेळलेल्यांत यापेक्षा वरची सरासरी फक्त डॉन ब्रॅडमन यांची. रणजी सामन्यांत तर सरासरी 98.75. महाराष्ट्राविरुद्ध ब्रेबॉर्नवर एकदा नाबाद 359. 1943 च्या पंचरंगी स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यांनी हिंदू संघाकडून नाबाद 250 केल्या, आणि त्याच सामन्यात आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी समोरच्या संघाच्या 387 पैकी एकट्याने 309 काढल्या. दोन विजय एकमेकांचे रेकॉर्ड मोडत होते आणि मुंबई कामधंदा सोडून स्टेडियमकडे पळत होती.

मात्र कसोटी सामने किती मिळाले? दहा. 1933 ते 1951 या अठरा वर्षांत फक्त दहा, आणि सगळे इंग्लंडविरुद्ध. मध्ये महायुद्ध आलं, आजारपण आलं. 1932 च्या भारताच्या पहिल्या कसोटी दौऱ्याला तर ते स्वतःच गेले नाहीत. गांधीजी आणि बाकीचे पुढारी तुरुंगात असताना हिंदू जिमखान्याने दौऱ्यापासून दूर राहायचं ठरवलं होतं. विशीतल्या पोराने इंग्लंडचं तिकीट सोडणं म्हणजे काय, याचा विचार करा.

शेवटची कसोटी 1951 ची, दिल्लीत. वय चाळीस. 154 धावा केल्या, आणि त्याच सामन्यात फील्डिंग करताना खांदा दुखावला. तो खांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. करिअर तिथंच थांबलं.

आता दुसरी इनिंग.

मर्चंट घरच्या उद्योगात, हिंदुस्तान मिल्समध्ये लक्ष घालू लागले. त्या काळची गिरणी डोळ्यांपुढे आणा. सकाळी भोंगा झाला की हजारो माणसं आत शिरायची. गेटवर बदली कामगार ताटकळत उभे, आज कुणी रजेवर आहे का, आपल्याला खाडा भरून काढायला मिळतो का, ही आशा. धडधाकट माणसाला जिथं रोजची खात्री नाही, तिथं आंधळ्या, बहिऱ्या, पायाने अधू माणसाला कोण उभं करणार? तेव्हा पोलिओची लस घरोघर पोचलेली नव्हती. अपंग पोरं प्रत्येक गल्लीत होती. त्यांच्यासाठी समाजाने दोनच जागा ठेवल्या होत्या, घरातला कोपरा किंवा देवळाची पायरी.

मर्चंटांनी अशा माणसांना आपल्या गिरणीत कामावर घ्यायला सुरुवात केली. मदत म्हणून पाच-पन्नास रुपये हातावर ठेवणं त्यांच्यासारख्या शेटजींना अवघड नव्हतं. पण त्यांनी हजेरीपटावर नाव घातलं. हा फरक नीट लक्षात घ्या. देणगी एकदा मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर मिळते. पगार दर महिन्याला मिळतो आणि तो मागताना मान खाली घालावी लागत नाही. पगाराच्या माणसाला दुकानदार उधार देतो, सोयरिकीला माणसं येतात, घरात त्याचं मत विचारलं जातं.

हे शक्य तरी कसं, असं वाटेल. गिरणीतली कामं एकेक करून बघा ना. साचेखात्यात शेकडो साचे एकदम खडखडायचे. तिथं कानाने ऐकू येणारे कामगारसुद्धा एकमेकांशी हातवारे करून आणि ओठ वाचून बोलत. म्हणजे बहिऱ्या माणसाचं त्या खात्यात काहीच अडत नाही, उलट बाकीचेच त्याची भाषा बोलतात. कापडाला घड्या घालणं, मोजून गठ्ठे बांधणं यात बोटं चालली की झालं. टेबलावर बसून करायच्या कामाला पाय लागत नाहीत. टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्याला कान आणि स्मरणशक्ती हवी, डोळे नसले तरी चालतात. अंध मुलांना टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकवलं जायचं ते याच हिशोबाने. आधी काम बघायचं, मग त्या कामाला शरीराचा कुठला भाग खरंच लागतो ते बघायचं. आपण नेमकं उलटं करतो. आधी माणसात काय नाही ते मोजतो.

पण एका गिरणीत अशी किती माणसं मावणार? मग मर्चंट इतर कारखानदारांकडे शब्द टाकू लागले. इथं त्यांचं नाव कामी आलं. ज्याची बॅटिंग बघायला आपण शाळा बुडवली तो माणूस समोर येऊन नोकरी मागतोय, आणि स्वतःसाठी नाही, तर कुणा अनोळखी अंध मुलासाठी. नाही म्हणणं जड जायचं. शिवाय मागणारा स्वतः गिरणीवाला. समाजसेवकाला धंद्यातलं काय कळतं, ही पळवाट त्यांच्यापुढे चालत नव्हती, कारण त्यांनी आधी स्वतःच्या खात्यात माणसं लावून दाखवली होती. पुढे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. 1952 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था अंधांचं शिक्षण, प्रशिक्षण आणि नोकरी या तिन्हींवर काम करते.

दर रविवारी विविध भारतीवर त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम लागायचा. तुमच्या आजोबांना विचारा, आवाज आठवत असेल. लोकांच्या घरात असा हक्काने शिरणारा माणूस अपंगांच्या बाजूने उभा आहे, याचं वजन वेगळंच होतं.

याच काळात ते भारताच्या निवड समितीचे अध्यक्षही होते. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथली आहे. 1969 मध्ये त्यांच्या समितीने नवी पोरं आणली. त्यात एकनाथ सोलकर होता, हिंदू जिमखान्याच्या ग्राउंड्समनचा मुलगा. 1971 च्या सुरुवातीला कर्णधार निवडताना मतं समसमान पडली, तेव्हा मर्चंटांनी निर्णायक मत पतौडींऐवजी अजित वाडेकरांना दिलं. त्या मतावरून आजही वाद घालणारे आहेत. भारत मात्र वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकला.

मग इंग्लंडचा दौरा. संघात त्यांनी भागवत चंद्रशेखरला परत बोलावलं. चंद्राला लहानपणी पोलिओ झाला होता आणि उजवा हात काडीसारखा बारीक राहिला होता. थ्रो तो डाव्या हाताने करायचा, बॅटिंगचं तर विचारूच नका. पण त्याच लुळ्या हाताने तो लेगस्पिन टाकायचा, आणि मनगट असं फिरायचं की चेंडू किती वेगाने येणार, कुठं वळणार ते बॅट्समनला उमगायचं नाही. वेस्ट इंडिजला त्याला नेलं नव्हतं. त्याला घेणं हा जुगार आहे हे समितीलाही ठाऊक होतं. ऑगस्ट 1971 मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. चंद्रशेखर, 38 धावांत 6 बळी. भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकली आणि मालिकाही.

तेव्हा बहुतेकांनी त्याचं चमत्कार म्हणून कौतुक केलं. मला ती निवड समितीची साधी हुशारी वाटते. विकेट काढायला जे लागतं ते त्या हातात होतं, बाकी काय नव्हतं त्याच्याशी मॅचला देणंघेणं नव्हतं. गिरणीत माणूस घेताना लावायची ती नजर आणि टीम निवडताना लावायची ती नजर, दोन वेगळ्या नव्हत्या.

आता थोडं कडू. मर्चंटांच्या पद्धतीत एक मोठी फट होती. ती एका भल्या माणसाच्या शब्दावर चालायची. शब्द टाकणारा आहे तोवर नोकरी आहे, आणि गिरणी आहे तोवर पगार. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा कधी उभं राहिलं नाही. धडधाकट कामगार कोकणात, घाटावर परत गेले, कुणी वडापावची गाडी लावली. ज्यांचं शरीर आधीच अधू, त्यांच्यापुढे पर्याय अजून कमी.

म्हणून कायदा लागतो. केंद्र सरकारच्या खालच्या दोन वर्गांतल्या नोकऱ्यांत अपंगांसाठी 3 टक्के जागा 1977 मध्ये आल्या, मर्चंट हयात असतानाच. 1995 चा कायदा आला, मग 2016 चा. त्याने सरकारी नोकरीतलं आरक्षण 4 टक्के केलं आणि अपंगत्वाचे प्रकार 21 केले. खासगी कंपन्यांवर मात्र आजही सक्ती नाही. निदान 5 टक्के जागा अशा उमेदवारांना द्याव्यात म्हणून त्यांना सवलती देऊन उत्तेजन द्यायचं, एवढंच कायदा सांगतो. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांत कामावर असलेले सुमारे 36 टक्के. आपल्या हिंगोलीत मोठे कारखाने नाहीत. हळदीच्या आडती, दुकानं, खासगी क्लास, पतसंस्था, दवाखाने, इथंच बहुतेकांना पहिली नोकरी लागते. तिथं कुठलाच टक्का लागू नाही. तिथं आजही कुणीतरी शब्द टाकावा लागतो, मालकाच्या ओळखीचा, किंवा आधीपासून तिथं कामाला असलेला. दोन-चार वर्षांनी त्या जागेवर तुमच्यातलाच कुणीतरी असेल.

मर्चंट गेले ते 27 ऑक्टोबर 1987 ला, मुंबईत. भारतात वर्ल्ड कप चालू होता, त्यामुळे पेपरांच्या क्रीडापानांवर आधीच गर्दी होती. चार दिवसांनी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध सुनील गावसकरने वन-डेतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. त्याला 1971 मध्ये पहिल्यांदा भारतीय संघात घेतलं होतं, ते मर्चंट यांच्याच निवड समितीने.