रोह्याच्या कॉलेजवरचे नाव

रोहा आणि पेण तालुक्यांतील आपली मुले-मुली बारावीनंतर कुठे जातात, हा प्रश्न चळवळीच्या बैठकांत फारसा निघत नाही. जयंतीची वर्गणी आणि मिरवणुकीचा मार्ग यांवर मात्र रात्र सरते. रोह्याच्या कॉलेजला डॉ. सी. डी. देशमुख यांचे नाव आहे. हे देशमुख कोण आणि त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे एखादा तरुण कार्यकर्ता विचारील. संबंध आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी झाला. बालपण रोह्यात गेले. वडील वकील, जात चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. लेखणी घरातच होती. 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात कॉलेज नव्हते. ज्याला पुढे शिकायचे त्याला जिल्हा सोडावा लागे. वकिलाच्या मुलाला ते जमले. पुढे केंब्रिज, 1917 साली निसर्गविज्ञानाची पदवी, आणि 1918 साली लंडनला आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक.

याच 1917 सालात बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले होते. त्यांना त्या शहरात राहायला घर मिळाले नाही, आणि जी पारशी खानावळ मिळाली तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दोघेही कोकणच्या मातीतले, दोघेही अफाट बुद्धीचे. देशमुखांच्या बुद्धीबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण एकाच्या बुद्धीला वाट आयती होती आणि दुसऱ्याला ती खडक फोडून काढावी लागली, हे विसरून चालणार नाही.

पुढे दोघांच्या वाटा वारंवार एकमेकांजवळ आल्या. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते, तर देशमुख परिषदेच्या सचिवालयात काम करीत होते. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी 1923 साली ग्रंथ लिहिला. 1935 साली रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि 1943 साली देशमुख तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1950 साली ते केंद्रात अर्थमंत्री झाले, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. 1951 साली हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी राजीनामा दिला. देशमुख मंत्रिमंडळात राहिले. 1952 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांचा पराभव केला आणि त्याच काँग्रेसच्या तिकिटावर देशमुख कुलाब्यातून लोकसभेत गेले. म्हणून देशमुखांना आम्ही चळवळीचा माणूस म्हणणार नाही. मात्र 1956 साली मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, ही गोष्ट मानलीच पाहिजे. त्या लढ्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर होते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने देशमुखांचे खरे काम त्यानंतरचे आहे. 1956 साली कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला आणि देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. 1961 पर्यंत ते त्या पदावर होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे 20 विद्यापीठे आणि 500 कॉलेजे होती. कॉलेजला पैसा कोणत्या निकषावर द्यायचा, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा कशी हवी, शिक्षकाला पगार किती हवा, ही घडी या काळात बसू लागली. तालुक्याच्या गावी कॉलेज चालवणे पुढे शक्य झाले, त्याच्या मुळाशी हे अनुदान आहे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांनी 1958-59 साली स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद सांभाळले. देशमुख पुढे 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. 2 ऑक्टोबर 1982 रोजी त्यांचे निधन झाले.

पण अनुदानाने इमारत उभी राहते, आपला मुलगा आपोआप वर्गात जाऊन बसत नाही. ते काम बाबासाहेबांनी केले. मजूरमंत्री असताना त्यांच्या प्रयत्नाने 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ, 1950 साली औरंगाबादेत मिलिंद. याच संस्थेने पुढे महाडला, जिथे 1927 साली चवदार तळ्याचे पाणी आपण हक्काने प्यायलो, बाबासाहेबांच्या नावाचे कॉलेज काढले. मुलाची फी कोण भरणार, तो राहणार कुठे, याचा विचार बाबासाहेबांनी आधी केला.

आज रोह्याला देशमुखांच्या नावाचे कॉलेज आहे, पेणला भाऊसाहेब नेने कॉलेज आहे. एस.टी.ने सकाळी जाऊन दुपारी घरी येता येते. ज्या मुलीला मुंबईला पाठवायला घरचे धजत नाहीत, तिच्यासाठी हेच विद्यापीठ. तालुक्याच्या कॉलेजला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या पाहणीत 18 ते 23 वयोगटाचे उच्च शिक्षणातील प्रमाण देशात 28.4 टक्के, अनुसूचित जातींत 25.9 आणि अनुसूचित जमातींत 21.2 टक्के होते. चार मुलांमागे एकच आत, तीन बाहेर. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. परीक्षेच्या दिवसांत ज्याचे घर भट्टीवर आहे, त्याचे नाव पहिल्या वर्षाच्या रजिस्टरात सापडले तरी तिसऱ्या वर्षाच्या रजिस्टरात सापडेल का?

म्हणून प्रत्येक शाखेने जूनमध्ये वस्तीवस्तीत जावे. बारावी झालेल्या मुलामुलींची यादी करावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, वसतिगृह किंवा स्वाधार योजनेचा अर्ज, एस.टी.चा पास, ही कामे हाताशी बसून पुरी करावीत. पुन्हा दिवाळीनंतर तीच यादी घेऊन कोण गळाले ते पाहावे, आणि शिष्यवृत्ती अडली असेल तर समाजकल्याण खात्याच्या दारात सर्वांनी मिळून उभे राहावे. आमची कातकरी भावंडे या यादीत हवीतच. चळवळ एका जातीपुरती नाही.

रोह्याच्या एका हुशार मुलाला शिकण्यासाठी जिल्हा सोडावा लागला. आज त्याच्या नावाचे कॉलेज रोह्यातच आहे. त्याच्या हजेरीपटावर आपल्या वस्तीतली किती नावे शेवटच्या वर्षापर्यंत टिकतात, याचा हिशेब पुढच्या 14 एप्रिलला प्रत्येक शाखेने व्यासपीठावरून वाचून दाखवावा.